जुना पत्रा टाकू नका: ट्रेलरच्या डागडुजीवर वाचकांचे प्रश्न

ऊस हंगाम संपला, गाड्या रिकाम्या झाल्या की आपल्या भागात दरवर्षी हेच होतं, मृगाआधी पत्र्याचं काम उरकायचं म्हणून सगळेच घाईला येतात. यावेळी जवळजवळ सगळी पत्रं पत्रा, रिव्हेट (म्हणजे पत्रे जोडणारी, दोन्हीकडं डोकं असलेली धातूची मेख) आणि गळती यावरच आहेत. त्यातला चिकोडीचा प्रश्न मला फार आवडला, म्हणून त्याला जागा जास्त दिलीय, बाकीच्यांनी राग मानू नका, तुमच्या कामाचंही बरंचसं त्या उत्तरात आलंय.

प्रश्न (चिकोडी): दादा, आमच्या आजोबांची टूरिंग टॉकीज होती, सौंदत्तीच्या आणि चिंचलीच्या जत्रेत तंबू लागायचा. त्या काळातला एक दोनचाकी बंद ट्रेलर अजून मळ्यात उभा आहे, प्रोजेक्टर आणि रिळांच्या पेट्या त्यातनं जायच्या. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, सगळा रिव्हेटवर. मागच्या हंगामात उसाची ट्रॉली रिव्हर्स घेताना पुढचा उजवा कोपरा चेपला, पत्रा हातभर फाटलाय, खालची रिव्हेटची रांग उघडी पडलीय. गॅरेजवाले म्हणतात पुढची बाजू सगळी कापून टाकू, जीआय पत्रा मारू, दोन दिवसात मोकळे व्हा. करू का?

उत्तर: नका करू. आजोबांचा ट्रेलर आहे म्हणून भावनेच्या भरात सांगत नाही, काम म्हणूनच ते चुकीचं आहे. जीआय पत्रा म्हणजे जस्ताचा थर दिलेलं लोखंड, आणि लोखंड ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड (एका घनसेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम आणि २.७ ग्रॅम), म्हणजे पुढच्या कोपऱ्यावर उगाच भार येणार. लोखंड ॲल्युमिनियमला वेल्डिंगनं जोडता येत नाही, म्हणजे शेवटी रिव्हेटच मारणार, आणि जस्ताचा थर घासून गेला की त्या जोडात पावसाचं पाणी बसून ॲल्युमिनियम खायला लागणार, चारपाच वर्षांनी तुम्ही परत याच प्रश्नावर. शिवाय चांगला जुना पत्रा भंगारात. हातभर फाटलंय ना, मग हातभरच काम करायचं.

पण पत्र्याला हात लावायच्या आधी आतलं बघा. आतल्या प्लायवूडचा तो कोपरा उघडा करा, प्रत्येक स्क्रू कुठला ते चिकटपट्टी लावून लिहून ठेवा, चारी बाजूंनी फोटो काढा. मग चुंबक घ्या आणि सांगाड्यावर फिरवा, जिथं चिकटेल तिथं लोखंडी अँगल, जिथं नाही तिथं ॲल्युमिनियम नाहीतर लाकूड. त्या काळात पुष्कळ बॉडी सागवानी पट्ट्यांवर बांधलेल्या असायच्या, म्हणून स्क्रूड्रायव्हरचं टोक लाकडात टोचून बघा, लोण्यासारखं आत गेलं तर ती पट्टी बदलायलाच पाहिजे, कुजक्या लाकडात रिव्हेट काय नि स्क्रू काय, काहीच धरत नाही. आणि पुढच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपनं मोजा, दोन्ही सारखे आले पाहिजेत. नाही आले तर कोपरा आत ढकलला गेलाय, मध्ये लाकडी ठोकळा देऊन जॅकनं हळूहळू बाहेर काढा, थांबत थांबत, प्रत्येक वेळी कर्ण मोजत. सांगाडा वाकडा ठेवून वर पत्रा सरळ करायला गेलात तर पत्रा कधीच बसणार नाही, भोकं जुळणार नाहीत, आणि मग लोक भोकं मोठी करत सुटतात.

आता जुने रिव्हेट काढायचे. ग्राइंडरनं डोकी उडवू नका, दहातल्या नऊ ठिकाणी पत्र्यावर चंद्रकोरीचे ओरखडे पडतात आणि पत्रा तापून फुगतो. डोक्याच्या बरोबर मध्ये सेंटर पंच मारा, रिव्हेटच्या जाडीचं किंवा थोडं कमी बिट घ्या, आणि फक्त डोक्याच्या उंचीइतकंच ड्रिल करा. डोकं टोपीसारखं सुटतं, नाही सुटलं तर बारीक पिन पंच त्या भोकात घालून कलता करा. मग आतून लाकडाचा आधार देऊन राहिलेला दांडा पंचनं ठोकून काढा. हे सावकाश करायचं काम आहे, कारण भोक गोल राहिलं तर परत त्याच मापाचा रिव्हेट बसतो, लांबट झालं तर एक माप वरचा मारावा लागतो, ३.२ मि.मी.च्या जागी ४ चा. आपल्याकडे एक सुताचा रिव्हेट म्हणतात तो हाच ३.२ चा, बहुतेक जुन्या बॉडीवर तोच सापडेल.

चेपलेला भाग काढताना घाई केलीत तर पत्रा ताणला जातो आणि ताणलेला पत्रा परत आकसत नाही. लोखंडी हातोडी आणि मागे लोखंडी डॉली (आधाराला धरायचा ठोकळा) असं ॲल्युमिनियमवर ठोकायचंच नाही, मध्ये सापडलेला पत्रा पातळ होऊन पसरतो. लाकडी किंवा नायलॉनची हातोडी, मागे वाळूची पिशवी, आणि कडेकडून मध्याकडे यायचं, जिथं सगळ्यात खोल आहे तिथं सगळ्यात शेवटी. ठोकता ठोकता ॲल्युमिनियम कडक होत जातं, हातोडी टणटण उडायला लागली की समजा आता तो तडकणार. मग तो मऊ करावा लागतो. त्याला जुन्या टिनकाम करणाऱ्यांची रीत आहे: पत्र्यावर कोरडा कपड्याचा साबण घासायचा, मागच्या बाजूनं टॉर्चची ज्योत हलवत हलवत द्यायची, साबण तपकिरी काळा झाला की लगेच ज्योत बाजूला. लोखंडासारखा लाल होईल म्हणून वाट बघत बसू नका, ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं आणि तोपर्यंत दिवसाउजेडी रंग बदलल्याचं काही कळत नाही, बघता बघता भोक पडतं. ज्योत लावायच्या आधी शेजारचं लाकूड ओलं करा, आतला जुना कापूस, थर्माकोल काढा.

एक सावधगिरी मात्र. हे मऊ करणं साध्या पत्र्याला चालतं. विमानाच्या जातीचा कडक पत्रा असेल, जसा अमेरिकन एअरस्ट्रीम ट्रेलरवर असायचा, तर त्याला ज्योत दाखवली की त्याची ताकद जाते. ओळखायचं कसं, तर फाटलेल्या भागातली एक बारीक पट्टी कापून पक्कडीनं पूर्ण दुमडा. न तडकता दुमडली तर साधा पत्रा, कटकन मोडली तर कडक. आपल्या भागात बांधलेल्या बॉडीचा बहुतेक साधाच निघतो.

आता फाटलेलं. चीर जिथं संपते तिथं डोळे बारीक करून बघा, दिसते त्याच्या थोडी पुढंच ती गेलेली असते, तिथं ३ मि.मी.चं भोक पाडा. गोल भोकाला चीर अडते, नाहीतर रस्त्यावर हादरे बसतील तशी ती पुढं सरकत राहणार. मग चिंधड्या झालेला भाग कापून स्वच्छ चौकोन करा, पण कोपरे गोल ठेवा, काटकोनी कोपऱ्यातून नवी चीर सुरू होते. पुठ्ठ्याचा नमुना काढून त्यावरून ठिगळ कापा, त्याच जातीच्या आणि त्याच जाडीच्या ॲल्युमिनियम पत्र्याचं, २० गेज म्हणजे ०.९ मि.मी., पण तुमचा पत्रा व्हर्नियरनं मोजूनच घ्या. ठिगळ वरच्या कडेला जुन्या पत्र्याच्या आत आणि खालच्या कडेला जुन्या पत्र्याच्या बाहेर आलं पाहिजे, खानापूरची कौलं जशी एकावर एक चढतात तसं, म्हणजे पाणी जोडावरून खाली ओघळतं, जोडात शिरत नाही. हे एवढं सांभाळलंत तर निम्मं काम झालं.

भोकांचा हिशोब असा धरा: रिव्हेटचा मध्य पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या जाडीच्या निदान दुप्पट आत, म्हणजे ३.२ ला साडेसहा मि.मी., मी सात-आठ ठेवतो. दोन रिव्हेटमध्ये कमीत कमी तिप्पट अंतर, पण बॉडीच्या पत्र्याला तेवढे दाट लागत नाहीत, आजोबांच्या ट्रेलरवर मूळ अंतर जेवढं आहे तेवढंच ठेवा, डोळ्याला तेच बरं दिसतं. आधी कोपऱ्याची चार भोकं पाडून त्यात तात्पुरते क्लेको (दोन पत्रे धरून ठेवणारी स्प्रिंगची पिन) किंवा बारीक नटबोल्ट घाला, मग मधली पाडा. सगळी पाडून झाली की ठिगळ परत काढायचं, दोन्ही पत्र्यांच्या भोकांची बर्र, म्हणजे कडेला उठलेली धार, मोठ्या बिटनं हातानंच फिरवून काढायची, मध्ये अडकलेला चुरा पुसायचा. हे लोक टाळतात आणि मग दोन पत्र्यांच्या मध्ये केसाएवढी फट राहते, ती कितीही ठोकलं तरी मिटत नाही.

ठोकायच्या रिव्हेटची लांबी किती, तर दोन्ही पत्र्यांची जाडी अधिक रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट. ०.९ आणि ०.९ मिळून १.८, त्यात ४.८ मिळवले की ६.६ मि.मी. ठोकून झाल्यावर आतलं डोकं रिव्हेटच्या दीडपट रुंद आणि अर्धं उंच, म्हणजे ४.८ रुंद आणि १.६ उंच व्हायला पाहिजे. ठोकायला दोन माणसं, बाहेरून डोक्यावर स्नॅप (डोक्याच्या आकाराची खोबण असलेला पंच) लावून एक जण, आतून जड गुळगुळीत लोखंडी ठोकळा घट्ट धरून दुसरा, आणि दोघांत आवाज देऊन घ्यायचा, आतल्यानं 'हां' म्हटल्याशिवाय बाहेरच्यानं मारायचं नाही. ठोकळा तिरका धरला की डोकं एका बाजूला कलतं. थोडक्या जोरकस ठोक्यात झालं पाहिजे, हळूहळू खूप वेळ मारत राहिलं तर रिव्हेट कडक होऊन कडेला तडे जातात. एखादा बिघडला तर परत ठोकून सुधरायचा प्रयत्न करू नका, ड्रिल करून काढा आणि नवा घाला.

काम झाल्यावर ठिगळ दिसेल का? दिसेल. जवळून बघणाऱ्याला रांग दिसणारच, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. ट्रेलरचा बाकी सगळा पत्रा आजोबांच्या हाताखालचा राहिला, हे महत्त्वाचं.

प्रश्न (निपाणी): एवढा खटाटोप कशाला, पॉप रिव्हेट गन दुकानात मिळते, एकट्या माणसाला जमतं, आतून धरायला कोण नको. आमच्या जुन्या ट्रेलरला तेच मारले तर?

उत्तर: जिथं आतून हात जात नाही तिथं पॉप रिव्हेटच मारावा लागतो, त्याला माझा विरोध नाही. पण साधा पॉप रिव्हेट आतून पोकळ असतो, गननं मधला खिळा ओढून तुटला की त्या पोकळीतून पाणी आत जातं, आणि खिळ्याचा राहिलेला लोखंडी तुकडा गंजून प्रत्येक रिव्हेटखाली तपकिरी ओघळ सुरू होतो, असे ओघळ तुम्ही कितीतरी टेम्पोंवर बघितले असतील. बाहेरच्या पत्र्याला बंद टोकाचा, सीलबंद रिव्हेट मागा, बॉडी ॲल्युमिनियमची आणि खिळाही ॲल्युमिनियमचा किंवा स्टेनलेसचा. डब्यावर ग्रिप लिहिलेली असते, म्हणजे किती जाडीचे पत्रे तो धरतो, दोन्ही पत्र्यांची जाडी मोजून त्या मापाचाच घ्या, उगाच लांब घेतला तर सैल बसतो. भोक रिव्हेटपेक्षा ०.१ मि.मी. मोठं पुरे: ३.२ ला ३.३, ४ ला ४.१, ४.८ ला ४.९.

बाहेरून मूळच्यासारखं दिसायला हवं असेल तर ऑलिम्पिक नावाचा एक रिव्हेट असतो, तो आतल्या बाजूला तीन पाय पसरून बसतो आणि बाहेर राहिलेला खिळा तासून सपाट केला की ठोकलेल्या रिव्हेटसारखं गोल डोकं दिसतं. अमेरिकेत जुने एअरस्ट्रीम सांधणारे लोक तेच वापरतात. तिकडची ही परंपराच विमानाच्या कारखान्यातून आलीय: विमानानं एकट्यानं अटलांटिक ओलांडणाऱ्या लिंडबर्गचं १९२७ चं विमान बांधायच्या कामावर देखरेख करणारे हॉली बोलस यांनी १९३४ मध्ये 'रोड चीफ' नावाचा रिव्हेटचा ॲल्युमिनियम ट्रेलर काढला, आणि त्याच धर्तीवर वॉली बायम यांनी १९३६ मध्ये एअरस्ट्रीम क्लिपर. आतून एक जण, बाहेरून एक जण, ही रीत त्यांचीही तीच. आपल्याकडे ऑलिम्पिक रिव्हेट हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळत नाही, मागवावा लागतो, म्हणून मी म्हणेन दिसणाऱ्या बाजूला शक्य तिथं ठोकायचा, अडचणीत सीलबंद पॉप.

प्रश्न (अथणी): काका, ट्रॅक्टरची जुनी ट्रॉली आहे, वडिलांनी घेतलेली. फाळक्याचा खालचा वीतभर पत्रा गंजून जाळी झालाय. एकानं सांगितलं खाली ॲल्युमिनियमची चेकर प्लेट लाव, गंजणारच नाही, वरून लोखंडी रिव्हेट मार. खरं काय?

उत्तर: खरं नाही हो. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना चिकटून ओले राहिले की त्यांच्यात विजेच्या सेलसारखं काम सुरू होतं आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी दिसायला लागते. तुमच्या ट्रॉलीत तर उसाचा रस, खत, शेण सगळंच जातं, नुसत्या पावसापेक्षा हे जास्त वाईट, युरिया आणि पोटॅश भरून नेल्यावर ट्रॉली धुतली नाही तर जोडात तो ओलावा धरून ठेवतो. लोखंडी ट्रॉलीला लोखंडी पत्राच. गंज दिसतो तिथं कापू नका, त्याच्या पुढं निदान इंचभर चांगल्या धातूपर्यंत कापा, स्क्रूड्रायव्हर टोचला तर आत जाता कामा नये. दोन पत्र्यांच्या मध्ये गंज राहिला तर तो फुगतो, गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, आणि नव्या रिव्हेटचीसुद्धा डोकी तो ओढून तोडतो. म्हणून जोडाच्या आतल्या बाजूला आधी प्राइमर, तो वाळू द्यायचा, मग सीलंट, मग रिव्हेट. रिव्हेट लोखंडीच, आणि ट्रॉलीला मी तरी पॉप रिव्हेट मारणार नाही, वजन पडतं तिथं वेल्डिंग नाहीतर बोल्ट.

ज्यांना नाइलाजानं दोन धातू जोडावेच लागतात, चिकोडीच्या वाचकांसारखं लोखंडी अँगलवर ॲल्युमिनियम, त्यांनी अँगलला एपॉक्सी किंवा झिंक फॉस्फेट प्राइमर मारून मध्ये ब्युटाइल टेप किंवा रबरी पट्टी द्यायची, धातूला धातू लागू द्यायचा नाही. रिव्हेटच्या बाबतीत एक लक्षात असू द्या, मोठ्या लोखंडी पत्र्यात बारीक ॲल्युमिनियमचा रिव्हेट म्हणजे तो रिव्हेटच आधी मरणार. आणि तांब्याचा किंवा पितळी रिव्हेट ॲल्युमिनियमला चुकूनही लावू नका, कुणी शोभा म्हणून सुचवलं तरी.

प्रश्न (बेळगाव, टिळकवाडी): आमच्या ट्रेलरचा बाजूचा लांब पत्रा नवा बसवला, सकाळी सपाट असतो, दुपारी उन्हात फुगतो आणि हात लावला की टपटप वाजतो. कारागीर म्हणतो असंच असतं.

उत्तर: थोडंफार असतं, पण एवढं नको. ॲल्युमिनियम उन्हात लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. २.४ मीटरचा पत्रा सकाळपासून दुपारपर्यंत ३५ अंशांनी तापला, आणि उन्हात उभ्या पत्र्याला तेवढं काहीच नाही, तर तो जवळजवळ २ मि.मी. लांब होतो, लोखंडी सांगाडा एकच मि.मी. वाढणार, तोही सावलीत असला तर त्याहून कमी. राहिलेला पत्रा जाणार कुठं, बाहेर फुगणार. तुमचा पत्रा बहुतेक गारठ्यात सकाळी बसवलाय आणि दोन्ही टोकांकडून मध्याकडे रिव्हेट मारत आलेत. दुपारी पत्रा तापलेला असताना बसवायचा, मध्यापासून सुरुवात करून दोन्हीकडे बाहेर जायचं, दर चौथ्या भोकात आधी क्लेको. आता सगळं काढायची गरज नाही, एका टोकाच्या उभ्या दोन रांगा ड्रिल करून मोकळ्या करा, उन्हात पत्रा सपाट होऊ द्या आणि परत मारा. आतून मध्ये एक आडवी पट्टी डबल टेपवर चिकटवली तर आवाजही जातो.

प्रश्न (शहापूर): मी एका जुन्या ट्रेलरमध्ये नाश्त्याची गाडी चालवते. दाराला पोचा आलाय, पेंटर म्हणतात लांबी (पुट्टी) भरून देतो. आणि बाहेरचा ॲल्युमिनियम काळपट झालाय, कशानं घासू?

उत्तर: ताई, लांबी वाईट नाही, पण ती पत्रा जागेवर आल्यावर वरचे दोन-तीन मि.मी. भरायला असते. इंचभर खड्ड्यात भरली आणि दार रोज आपटत राहिलं तर ती पावसाळ्यात पापुद्र्यानं निघणार, आणि मागे पाणी धरून ठेवणार ते वेगळंच. दाराचं आतलं अस्तर काढलं तर पोचा आतून हातानं, लाकडी हातोडीनं बराच निघेल, ते आधी करून घ्या.

घासायचं म्हणाल तर भांड्याची लोखंडी घासणी नको, तिचे बारीक तुकडे पत्र्यात रुततात आणि महिन्याभरात तपकिरी ठिपके दिसायला लागतात. आणि कॉस्टिक सोडा किंवा सिंक मोकळं करायची पूड तर अजिबात नको. आपल्या बेळगावच्या हिंदाल्कोत, जुनी माणसं अजून इंडालच म्हणतात, बॉक्साइटमधला ॲल्युमिना गरम कॉस्टिकमध्येच विरघळवून काढतात, तेच कॉस्टिक तुमचा पत्राही खातं आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन निघतो, तुमच्या गाडीत शेगडी पेटलेली असते हे विसरू नका. साधा भांड्याचा साबण, कोमट पाणी, मऊ कापड, मग ॲल्युमिनियमची पॉलिश पेस्ट कापसानं. एका जागी थोडं करून बघा, कारण जुन्या पत्र्यावर कधी कधी पारदर्शक लाखेचा थर असतो, तो निम्मा गेला आणि निम्मा राहिला की चट्टे दिसतात. तसं असेल तर आधी पेंट रिमूव्हरनं तो थर पूर्ण काढावा लागेल, हातमोजे आणि मोकळी हवा पाहिजे.

हिंदाल्कोतून पत्रा मिळतो का असंही दोघांनी विचारलंय. नाही, बेळगावच्या कारखान्यात ॲल्युमिना पूड तयार होते, पत्रा नाही. पत्रा उद्यमबागेत किंवा कोल्हापूरला उद्यमनगरात बघा, आणि बस बॉडी बांधणाऱ्यांना विचारा, त्यांच्याकडे मापाचे तुकडे आणि रिव्हेट दोन्ही असतात.

प्रश्न (जांबोटी): पाऊस आमच्याकडं तुम्हाला माहीतच आहे. ट्रेलरमध्ये पाणी गळूलालंय, कुठनं येतंय कळंना. सगळ्या जोडांवरनं सिलिकॉन मारलं तरी थांबंना झालंय.

उत्तर: वरून मारलेलं सिलिकॉन काढा, सगळं. व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन वाळताना ॲसिड सोडतं, उघड्या पत्र्याला ते चांगलं नाही, आणि त्यावर पुढं रंगही धरत नाही. गळती शोधायला पाऊस लागत नाही, नळी लागते. आत एक जण टॉर्च घेऊन बसवा, बाहेरून पाणी बारीक धारेनं सोडा, सुरुवात खालच्या जोडापासून करायची आणि हळूहळू वर सरकायचं, प्रत्येक जागी थोडा वेळ थांबून. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. आत जिथं थेंब पडतो तिथंच गळती आहे असं समजू नका, पाणी सांगाड्याच्या पट्टीवरून दोन-दोन फूट पुढं जाऊन टपकतं.

सापडलं की बाहेरून लेप न देता त्या जागेचे रिव्हेट काढा, जोड थोडा उघडा, आतलं जुनं सीलंट खरवडून स्पिरिटनं पुसा, दोन पत्र्यांच्या मध्ये पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट किंवा ब्युटाइल टेप द्या आणि रिव्हेट सीलंटमध्ये बुडवून मारा, बाहेर आलेलं लगेच पुसून घ्या. ज्या रिव्हेटच्या भोवती काळपट वलय दिसतं आणि खाली शेपटीसारखा काळा डाग असतो, तो रिव्हेट सैल झालाय, हलतोय, तिथून आधी सुरू करा. आणि ट्रेलरच्या अगदी तळाशी पाणी बाहेर पडायची जी बारीक भोकं असतात ती बंद करू नका, चिखलानं बुजली असतील तर मोकळी करा. कणकुंबी-जांबोटीकडे एखाद्या वेळी पाणी शिरणारच, ते बाहेर जायला वाट पाहिजे.

प्रश्न (संकेश्वर): ५० वर्षं झालेल्या गाडीला व्हिंटेज नंबर मिळतो म्हणे, ट्रेलरला पण?

उत्तर: जुलै २०२१ मध्ये केंद्रानं नियम केला तो ५० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांसाठी आहे, नव्या नोंदणीला २० हजार रुपये फी. त्यात गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसिस किंवा बॉडी शेलमध्ये मोठा बदल चालत नाही. दोनचाकी ट्रेलर त्यात बसत नाही, पण ओढणारी जुनी जीप असेल तर तिच्या बॉडीला हात लावताना हे ध्यानात ठेवा.

प्रश्न (हुक्केरी): मी आयटीआयला फिटरला आहे. रिव्हेट ठोकणं शिकायचं आहे पण वर्कशॉपमध्ये पॉप रिव्हेटच मारतात. घरी कसं शिकू?

उत्तर: तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण आतून ठोकळा धरणारी माणसं आता कमी होत चाललीत आणि जुन्या गाड्या मात्र अजून आहेत. भंगारातून ०.९ चा ॲल्युमिनियम पत्रा आण, वीतभर लांबीच्या दोन पट्ट्या काप, एकावर एक ठेवून एका रांगेत दहा भोकं पाड, दोन भोकांत दोन सेंटिमीटर. बॉल पेन हातोडी (एका बाजूला गोल तोंडाची), एक स्नॅप, आणि मागे धरायला चार-पाचशे ग्रॅमचा गुळगुळीत लोखंडी तुकडा, त्याचं तोंड पॉलिश पेपरनं आरशासारखं कर, कारण त्याच्यावरचा प्रत्येक ओरखडा रिव्हेटवर उमटतो. ड्रिल चालवताना हातमोजे घालू नको, गुंडाळले जातात, पण चष्मा आणि कानात बोळे पाहिजेत. ज्या ग्राइंडरवर लोखंड घासतोस त्यावर ॲल्युमिनियम घासू नको, गंजाची आणि ॲल्युमिनियमची भुकटी एकत्र आली की भडका उडू शकतो.

दहा ठोकून झाले की प्रत्येकाचं आतलं डोकं व्हर्नियरनं मोज, रुंदी आणि उंची दोन्ही, आणि वहीत लिही. मग पत्र्याच्या दोन्ही पट्ट्या टोकाला धरून पिरगळ, आणि मध्ये ब्लेडचं पातं शिरतं का बघ. शेवटी सगळे रिव्हेट ड्रिल करून काढ आणि भोकं बघ, गोल राहिलीत का. काढताना भोक खराब न करणं हे ठोकण्याइतकंच मोठं काम आहे, जुन्या गाडीवर तर आधी तेच करावं लागतं. त्याच भोकांत परत दहा मार. पट्टी खराब झाली की दुसरी घे, आणि मित्राला आतून धरायला लाव, मग जागा बदला, कारण ठोकणाऱ्याला धरणाऱ्याची अडचण कळल्याशिवाय दोघांचा हात जुळत नाही.